मुक्काम ताजा, मुक्काम शिळा

कंट्रोलरसाहेबांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं की ते "बरा आहे" म्हणत नसत. "सकाळच्या चहाला बरा होतो," असं म्हणत. विचारणारा हसला, तर आपलं काय चुकलं ते त्यांना कळत नसे.

त्यांची सगळी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून झाली. वाहतूक नियंत्रक हा कागदावरचा शब्द. स्टँडवर सगळे कंट्रोलरच म्हणतात. खिडकीच्या आत बसायचं, गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि कुठली गाडी लागली ते माईकवरून सांगायचं. मी कॉलेजला केजहून अंबाजोगाईला जायचे, तेव्हापासून त्यांचा आवाज माझ्या ओळखीचा. गाडीला उशीर झाला की दुसरे कुणी असते तर "येतेय, येतेय" म्हणून माणसं शांत केली असती. हे सांगायचे, "अंबाजोगाई गाडी अजून आलेली नाही. बीडहून निघाल्याचा फोन आहे. त्यापुढचं माहीत नाही."

लोक चिडायचे. एकदा एक म्हातारा खिडकीशी जाऊन भांडला, "आरं पण येईल का न्हाई, तेवढं तर सांग की बे!"

"आजोबा, येईल म्हणलं की तुमी इथं बसणार, न्हाई म्हणलं की घरी जाणार. दोन्ही माझ्या जिवावर. मला जेवढं ठावं हाय तेवढं घ्या, बाकीचं तुमचं तुमी ठरवा."

म्हातारा शिव्या देत बसून राहिला. अशा शिव्या नवखी माणसं द्यायची. रोजची माणसं मात्र आज खिडकीत कोण आहे ते आधी बघायची आणि हे दिसले तरच पिशवी खाली ठेवायची.

माझं केजला कॉम्प्युटरचं दुकान आहे. दाखले, अर्ज, प्रिंट, आणि कुणाला लागली तर वेबसाइट. निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी ते दुकानात आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. स्क्रीनपुढे उभं राहूनच बोलायची त्यांना सवय होती. जणू आता ते खिडकीच्या बाहेरच्या रांगेत होते.

"ताई, आमच्या लोकांची वेबसाइट करायची हाय."

त्यांचे लोक म्हणजे मेंढपाळ. दोन भाऊ आणि सगळी भावकी मेंढरांमागे, घरात नोकरी केलेले हे एकटे. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की शेतकरी मेंढरांचा कळप आपल्या शेतात रात्रीचा बसवून घेतो. जमिनीला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य नाहीतर पैसे. अडचण एवढीच, की शेतकऱ्याला कळप सापडत नाही आणि कळपाला शेतकरी. जो तो आपल्या ओळखीवर चालतो. साहेबांना हवं होतं ते असं: प्रत्येक मेंढपाळाचं एक पान, शेतकऱ्याने ते मोबाइलवर उघडायचं, बघायचं आणि फोन लावायचा.

काम सोपं होतं. मी नेहमीचा साचा उघडला. नाव, फोटो, पत्ता, फोन.

"पत्ता म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"राहायचं ठिकाण."

"म्हणजे माणूस जिथं सापडतो ते?"

"हो."

"मंग आमच्या सगळ्यांचे पत्ते खोटे हायेत. नांदूरघाटला घर हाय, पर घरात म्हातारी. माणूस धारूरच्या डोंगरात. पत्ता काढा. तिथं मुक्काम लिवा."

"साहेब, मुक्काम रोज बदलतो."

"मंग पान बी रोज बदलू द्या. आमची मुक्कामी गाडी रोज नव्या गावाला झोपत न्हाई, पण आमची मेंढरं झोपत्यात."

मी त्यांना समजावलं, की पान लिहून ठेवलेलं नसतं. आपण माहिती एका जागी साठवतो, पानावर नुसत्या रिकाम्या जागा असतात. कुणी पान उघडलं की त्या क्षणी जी माहिती असेल ती तिथे येऊन बसते. माहिती बदलली की पुढच्या माणसाला बदललेली दिसते.

"म्हणजे पान रिकामंच असतंय, उघडलं की भरतंय."

"तसंच."

"हे बेस हाय. भरून ठिवलेलं पान खोटं बोलतंय."

अशी वेबसाइट सुरू झाली. संध्याकाळी ते एकेका मेंढपाळाला फोन लावायचे आणि माईकवरच्या आवाजात विचारायचे, "गाडी कुठं लागली?" पलीकडून उत्तर यायचं, "साहेब, होळच्या माळाला लागली." मग मला फोन, की टाका. पुढे पुढे ते स्वतःच टाकायला शिकले, एका बोटाने.

पानावर काय यावं याबद्दल ते फार कडक होते. एका मेंढपाळाला आपल्या नावापुढे 'नामांकित' लिहून हवं होतं.

"हे कुणी कळवलं?" साहेबांनी विचारलं.

"कळवायचं काय त्यात? समद्यांला ठावं हाय."

"कवा कळवलं?"

'नामांकित' हा शब्द काही पानावर आला नाही. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याने निरोप पाठवला, की प्रत्येक पानाच्या वर मार्गदर्शक म्हणून आमचा फोटो असावा. मी म्हटलं, आता वाद होणार. साहेब त्या कार्यकर्त्याला शांतपणे म्हणाले, "ठिवतो की. आमचा नियम एकच, फोटोखाली मुक्काम लागतो. दादा रोज कुठं असत्यात तेवढं सांजच्याला कळवत जा, लगेच टाकतो." कार्यकर्ता विचारून सांगतो म्हणून गेला. त्यानंतर फोटोचा विषय कुणी काढला नाही.

मग त्यांनी आणखी एक मागणी काढली. नुसता मुक्काम नको. तो कधी कळवलेला आहे तेही दिसायला हवं. मी तारीख आणि वेळ टाकून दाखवली. त्यांना पटलं नाही. "शेतकरी तारखा वाचत बसत न्हाई. त्याला भाकरीची भाषा कळती. आजची असंल तर ताजी, दोन दिस झाले की शिळी. तसं लिवा." म्हणजे पानावर आपोआप यायला हवं: 'माहिती ताजी' किंवा 'माहिती शिळी'. मी तसं करून दिलं आणि घाईत एका वेलांटीच्या जागी मात्रा पडली. ज्यांनी दोन दिवस काही कळवलं नव्हतं, त्या सगळ्यांच्या पानांवर 'माहिती शेळी' असं आलं.

सकाळपासून फोन. शेतकरी विचारायला लागले, की शेळ्या कधीपासून ठेवल्या, बोकड द्यायचाय का. एक मेंढपाळ तर रागाने दुकानातच आला. "सात पिढ्या मेंढरं राखली आमी! आन् तुमी आमाला शेळीवाले केले?"

मी दुरुस्ती करत होते. साहेब त्याला म्हणाले, "चूक झाली, ती आत्ता निघंल. पर एक सांग, दोन दिस फोन कावून केला न्हाईस? ताजा असतास तर शेळी झाला असतास का?"

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचे फोन वेळेवर यायला लागले. साहेबांनी पुढे कित्येक दिवस, कुणी आळस केला की एवढंच म्हणायचं ठेवलं होतं, "शेळी व्हायचंय का?"

कौसाबाई या सगळ्यात उशिरा आली. ती त्यांच्या लांबच्या नात्यातली. नवरा तापात गेला, मागे कळप, सामान वाहणारी घोडी आणि कुत्री. मेंढरं राखायचं तिला नवं नव्हतं, जन्म त्यातच गेलेला. अडचण फोनची होती. शेतकरी नवऱ्याच्या ओळखीचे, आणि तो गेल्यावर सगळे धाकट्या दिराला, दगडूला, फोन करायला लागले. दगडू आधी स्वतःचा कळप बसवायचा. भावकीने बसून ठरवलं, की या उन्हाळ्यात कौसाबाईने स्वतः शेतं मिळवली तर ठीक, नाहीतर मृगाच्या आधी तिची मेंढरं दगडूच्या कळपात घालायची आणि तिने त्याच्याकडे राखणीला राहायचं. आपल्याच मेंढरांची राखणदार.

साहेबांनी तिचं पान करायला घेतलं तेव्हा दगडू दुकानात आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला हे सगळं उगाच वाटत होतं.

"साहेब, वैनीचं येगळं पान कावून? माझ्याच पानावर दोन्ही कळप घाला की."

"वैनीची मेंढरं आत्ता कुठं हायेत?"

दगडूने जरा विचार केला. "असतील की तिकडं, डोंगराच्या अंगाला."

"बघ. तुझ्या पानावर तिची मेंढरं कायमची शिळी."

कौसाबाईचं पान झालं. फोटो काढताना तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि सांगितलं, "मेंढरू बी येऊ द्या फोटूत." पहिल्या आठवड्यातच फोन आले. शेतकरी विचारायचे, "मालक कुठायत?" ती म्हणायची, "मालकच बोलतीया, बोला."

चार शेतं झाली. मला वाटलं, हे काम मार्गी लागलं. मग एका दुपारी ती स्वतः दुकानात आली. साहेब होतेच.

"मामा, माझा मुक्काम काढा पानावरनं."

"कावून?"

"परवा पिकअप आलती रातच्याला. बिनलाइटीची. कुत्री उठली, म्या आरडले, तवा गेली. पर थेट आलती, मामा. ज्याला रान ठावं न्हाई तो असा थेट येत न्हाई. दिसा फोन करणारा शेतकरी अन् राती येणारा चोर, दोघं एकच पान बघत्यात."

मी सुचवलं, की मुक्काम फक्त नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांनाच दिसेल असं करता येतं. साहेबांनी मान हलवली. "नोंदणी चोर बी करतो, ताई. त्याला कोण अडीवणार?" इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे त्यांचा हट्ट सुरू झाला. मुक्काम नाही तर पान कशाला? मुक्काम हेच तर पान. माहिती दाखवायची तर खरी आणि ताजी, नाहीतर वेबसाइट बंद करू.

"बंद करा," कौसाबाई म्हणाली. "मेंढरं गेल्यावर पान चाटायचंय का मला?"

साहेब दाराबाहेर जाऊन उभे राहिले. मी त्यांना विचारलं नाही. तिच्या पानावरचा मुक्काम लपवला आणि पान तिला दाखवलं. तिने मान डोलावली आणि पाण्याची बाटली भरून घेऊन गेली.

पिकअप परत आली नाही. फोनही आले नाहीत. शेतकरी यादी वरून खाली बघत जायचा. ज्याचा मुक्काम ताजा आणि जवळचा, त्याला फोन लावायचा. कौसाबाईच्या पानावर त्या जागी काहीच नव्हतं. मृग जवळ येत चालला होता. दगडू एकदा सहज म्हणून आला आणि म्हणाला, "म्या सांगितलंच होतं." त्या दिवसांत साहेब दुकानात येऊन नुसतं तिचं पान उघडायचे आणि बंद करायचे. मी एकदा म्हटलं, "साहेब, उघडून भरत नाही ते." त्यांना विनोद आवडला नाही.

मग ते धारूरच्या बाजूला तिच्या तळावर गेले. सकाळी गेले, दुपार टळल्यावर थेट दुकानात आले. चपला, धोतराचा काठ, सगळं धुळीने भरलेलं. पाणी पुढे केलं तर तेही नको.

"ताई, गाडीच्या कपाळावर काय लिवलेलं असतं?"

"गावाचं नाव."

"कुठल्या गावाचं?"

"जिथे जायचंय त्या गावाचं."

"जिथं उभी हाय तिथलं न्हाई!" ते जवळजवळ ओरडलेच. समोर प्रिंट घ्यायला आलेला माणूस दचकला. "धारूरला उभी असलेली गाडी कुणाला पायजे? पायजे ती अंबाजोगाईला चाललेली. म्या तिथं बसलतो, कौसा घोडीवर सामान बांधत व्हती. म्या इचारलं, आता कुठं? ती म्हणली, भाटुंब्याकडं. म्हणलं, झालं की! मुक्काम लपवा, पाटी दाखवा."

मला लगेच कळलं आणि पटलंही. शेतकऱ्याला आज कळप कुठे आहे याच्याशी खरं तर घेणंदेणं नसतं. आपल्या गावाकडे कोण येतंय हे त्याला हवं असतं. पानावर पुढच्या गावाचं नाव येईल, शेत कुठलं ते फोनवर ठरेल. कळप त्या गावाला पोचल्याचा फोन आला की ते नाव पानावरून जाईल आणि त्यापुढचं गाव येईल. चोराने पान उघडलं तरी कळप आज जिथे आहे ती जागा त्यात कधीच नसेल.

पण एक गोष्ट विचारल्याशिवाय मला राहवलं नाही. "साहेब, म्हणजे आता 'येईल' असं लिहायचं का आपण? तुम्ही?"

ते पहिल्यांदाच खुर्चीत बसले. मी मधल्या वेळात त्या माणसाचे प्रिंट काढून दिले.

"येईल असं मी आजबी म्हणणार न्हाई," ते शेवटी म्हणाले. "पाटी कंट्रोलरची नसती, ताई. पाटी गाडीची. कौसानं सांगितली की लावायची, कौसानं फिरवली की फिरवायची. तो तिचा शब्द हाय. आपण फकस्त दिसंल असा लावायचा."

त्या संध्याकाळी मी बसून ते करून टाकलं. तिच्या पानावर आलं: 'पुढे: भाटुंबा. माहिती ताजी.'

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. एका शेतकऱ्याने हो म्हणून दुसऱ्याचा कळप बसवला. एका गावच्या ओढ्याला पाणी नव्हतं म्हणून कौसाबाईने मधेच वाट बदलली, आणि तिकडे वाट बघत असलेल्या शेतकऱ्याला साहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं, "पाटी फिरली." त्याने त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी त्याला आणखी दोन कळपांचे नंबर दिले.

पण फोन सुरू झाले, आणि पूर्वीपेक्षा वेगळे सुरू झाले. पूर्वी शेतकरी विचारायचा, आज येता का. आता विचारायचा, आमच्या गावाला कधी. भाटुंब्याच्या एकाच्या शेतात कळप बसला, तर त्याच्या बांधाला बांध असलेल्याने दुसरा फोन केला. कौसाबाई तिथून हलायच्या आधीच तिच्या पुढच्या दोन गावांची नावं मला टाकायला मिळाली. भावकीची बैठक ठरली होती त्या दिवशी तिने निरोप पाठवला, की मी कामात आहे, तुम्ही बसा. मालकीणच नाही म्हटल्यावर कुणी बसलं नाही. मेंढरं तिच्याकडेच राहिली.

कंट्रोलरसाहेब आता लातूरला मुलाकडे असतात. वेबसाइट मीच बघते, आणि पाटीची पद्धत आता बहुतेक सगळ्यांच्या पानांवर आहे. पण ती पहिल्यांदा मागायला कोण आलं ते सांगायला हवं, कारण त्या दिवशी साहेब माझ्या दुकानात होते आणि मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

दगडू आला होता. टोपी काढली, परत घातली.

"साहेब, माझं पान बी तसलंच करा. पाटीचं."

"करू की. कुठं चाललास?"

दगडूने मान खाजवली. "वैनीच्या गावांला लई मागणी हाय. एक कळप पुरत न्हाई, शेतकरी मलाबी फोन करायलेत. म्हणलं, वैनी जिथनं निघंल तिथं म्या जावं. तसं लिवा. वैनीच्या मागं."

"ते मी कसं लिवू? वाट तिची हाय. तिला इचार."

"आता?"

"आता."

दगडूने फोन लावला. साहेबांनी खूण केली म्हणून त्याने स्पीकर चालू केला. पलीकडे मेंढरांचा कालवा चालला होता.

"वैनी, दगडू बोलतोय. म्हणलं, तुमच्या मागनं कळप आणावा का? साहेब म्हणत्यात इचार."

तिने कुणाला तरी हाकललं, मग फोनवर आली.

"या की भावजी. पर एक मुक्काम मागं ऱ्हावा. चारा दोघांला पुरला पायजे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "टाका, ताई."

मी टाकलं: 'पुढे: कौसाबाईंच्या मागे, एक मुक्काम.' दगडू स्क्रीनजवळ आला, बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचलं आणि म्हणाला, "नाव जरा मोठं करता येतंय का?"

"तुझं?" साहेबांनी विचारलं.

"माझं कशाला? वैनीचं. शेतकऱ्याला लांबनं दिसाय नगं का."